आई म्हणून विचारते
मुलांच्या मनाची काळजी घेणारं पथक शाळेत उभारायचं ठरलं आणि ते काम विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंनीही ते मनावर घेतलं. आधी स्वतः प्रशिक्षण घेऊन आल्या, मग शनिवारी शाळा सुटली की सहकाऱ्यांना प्रयोगशाळेत बसवून शिकवू लागल्या. ज्यांचं पोटच बोलण्यावर, त्यांना गप्प बसून ऐकायला शिकवायचं म्हणजे नाकी नऊ येणारच.

सगळ्यात अवघड गेले ते खेळाचे सर. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. माणूस लाखमोलाचा, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. बाईंचा नियम तर कडक होता: मुलाने सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. जिवाला धोका असेल तरच बोलायचं. सरावासाठी बाई स्वतः कुणाची तरी आई व्हायच्या आणि डोळ्यांना रुमाल लावून सरांसमोर बसायच्या.

"सर, मी आई आहे हो तिची. मला कळायला नको?"

सर लगेच विरघळायचे. "अहो ताई, रडू नका. गणितात नापास झालीये, एवढंच!"

सगळे खो खो हसायचे. बाई मात्र हसायच्या नाहीत. "सर, ती पोरगी आता कुणालाच काही सांगणार नाही," म्हणायच्या. सर कान पकडायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

एकदा मधल्या सुट्टीत बाई खेळाच्या सामानाच्या खोलीवरून चालल्या होत्या. दार उघडंच होतं. आत गाद्यांच्या ढिगावर त्यांची स्वतःची नववीतली लेक बसून रडत होती. समोर जमिनीवर शिट्टीसर मांडी घालून बसले होते, आणि चक्क गप्प होते.

बाई दाराबाहेरच थबकल्या. घरी तर ही व्यवस्थित हसते, जेवते! कुणी त्रास दिला असेल? आणि दिलाच, तर सख्खी आई सोडून या माणसाला सांगायचं? काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर थोडा जळफळाटही झाला.

शाळा सुटल्यावर मैदानावर सर जाळी गुंडाळत होते. बाईंनी त्यांना गाठलं.

"माझी मुलगी काय म्हणत होती?"

सर हसले. "इथे पण परीक्षा? आज नाही हो फसणार!"

"परीक्षा नाही, सर. मी आई आहे हो तिची. मला कळायला नको?"

सरांचं हसू मावळलं. एवढा मोठा गडी, पण घामाघूम झाला. पथकप्रमुख म्हणून सरळ हुकूम सोडावा, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"जिवाला धोका नाही," सर कसेबसे म्हणाले. "बाकी तिला विचारल्याशिवाय नाही सांगता येणार. माफ करा, बाई."

बाई रागाने तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या मटार सोलत बसल्या होत्या. समोर लेक अभ्यास करत होती आणि सारखी आईच्या तोंडाकडे बघत होती.

"सर काही बोलले का तुला?" शेवटी तिनेच विचारलं.

"नाही. मी विचारलं, पण नाही सांगितलं त्यांनी."

"काहीच नाही?" लेकीचा चेहरा पडला. "अगं, मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते! त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या शाळेला माहितीये. वाटलं, घरी येईपर्यंत तुला कळलेलं असेल. माझ्याने नव्हतं सांगवत."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"मुली माझ्याशी बोलत नाहीत, आई. मी आले की गप्प होतात. म्हणतात, ही घरी जाऊन सगळं सांगेल. डबापण मी एकटीच खाते."

बाईंच्या जिभेवर भराभर उपाय आले. त्यांनी ते गिळले.

"कधीपासून?"

"तू पथक सुरू केलंस तेव्हापासून."

बाईंना फार लागलं ते. त्यांनी खुर्ची लेकीजवळ ओढली आणि म्हणाल्या, "अजून सांग."