रेकॉर्डमधला खोकला

सासरे गेल्यावर सासूबाई मुलीकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांच्या ट्रंका, सासऱ्यांचा फोटो आणि त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आला. ट्रंका माळ्यावर गेल्या, फोटो भिंतीवर लागला आणि रेकॉर्ड प्लेयर जावयाच्या डोक्यात जाऊन बसला.

जावई ड्राफ्ट्समन होता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढून घरी आला, की त्याच्या हातांना चैन पडत नसे. त्याची बायको दातांची डॉक्टर. समोरच्याने आ वासून मुकाट ऐकून घ्यायचं, अशाच संभाषणाची तिला सवय होती. जावयालाही ती सोयीची वाटे, कारण बायको बोलत असताना त्याला मनातल्या मनात स्क्रू मोजता येत.

सासरे क्लॅरिनेट वाजवायचे. एका रेकॉर्डिंग कंपनीच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, आणि त्यांनी वाजवलेल्या रेकॉर्डही ट्रंकेतच होत्या. जावयाने त्यातली एक लावली. आत कुठेतरी वाद्यं वाजत होती, पण त्यांच्या पुढ्यात एखादी पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर होती.

"एवढंच ना," तो म्हणाला आणि त्याने बाह्या सरसावल्या.

या 'एवढंच'ने घराचं काय केलं, ते सांगायला हवं. आधी त्याने अर्थिंगसाठी प्लेयरपासून एक तार काढली आणि ती नेऊन नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. घरघर निम्म्याने गेली. बायको भांडी घासायला गेली ती त्या तारेत पाय अडकून थेट ओट्यावर आदळली. पण घरघर निम्म्याने गेली हे तिनेही मान्य करायला हवं होतं, असं त्याचं मत पडलं. मग लक्षात आलं, की खोलीतून कुणी चाललं तरी सुई उडते. ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा गच्चीत पडला होता, तो त्याने कंबर धरत धरत खाली आणला. टेनिसचे चेंडू अर्धे कापून त्यांच्यावर तो ठेवला आणि त्यावर प्लेयर बसवला. आता सुई उडेना, पण कुणी दार लावलं की अख्खा प्लेयर होडीसारखा डुलायला लागे. शेवटी चेंडू गेले आणि भिंतीत फळी ठोकली गेली. ज्या जागी फळी आली तिथे लग्नाचा फोटो होता. तो न्हाणीघराबाहेर लागला.

मग त्याने खोलीचा नकाशा काढला. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा त्रिकोण मांडला, तर ऐकायची सर्वांत उत्तम जागा नेमकी जेवणाच्या टेबलाच्या मधोमध निघाली. टेबल कोपऱ्यात गेलं आणि तिथे एक खुर्ची आली. भिंतीवर आवाज आपटू नये म्हणून गोधड्या टांगल्या गेल्या. फ्रिजमुळे स्पीकरमध्ये टकटक येते म्हणून ऐकताना फ्रिज बंद ठेवायचा नियम झाला, आणि तो परत चालू करायचा नियम करायला जावई विसरला. दूध नासलं, त्या दिवशी बायकोने त्याला शांतपणे विचारलं, की आपण या खोलीत राहतो की आपल्याला इथे फक्त येऊ देतात.

सासूबाई मात्र काही बोलत नसत. जावई रेकॉर्डवर पातळ गोंद ओतायचा, वाळला की सबंध पापुद्रा अलगद सोलून काढायचा. त्याबरोबर खाचांतली वर्षानुवर्षांची धूळ निघून यायची. तो सोहळा त्या चष्मा पुसून बघायला बसत. सुईवरचा मळ काढायला त्याने बायकोच्या दवाखान्यातली दात कोरायची सळई आणि तोंडात घालायचा छोटा आरसा आणला होता. एकदा तो सुईला "जरा मोठा आ कर" असं म्हणाल्याचं सासूबाईंनी मुलीला सांगितलं. त्याने ते नाकारलं, पण फार जोरात नाही.

अशी घरघर गेली, खरखर गेली, आणि मग त्या स्वच्छ शांततेत एक नवीनच आवाज ऐकू आला. सासऱ्यांच्या वाद्यवृंदाच्या एका रेकॉर्डमध्ये, सगळी वाद्यं थांबून एकटं व्हायोलिन वाजत असताना मध्येच, "खक्".

जावयाने पुन्हा गोंद ओतला. "खक्" कायम. त्याने सुईचं वजन हलकं केलं, सुई बदलली, स्पीकरच्या वायरी जाड केल्या. दर सुधारणेसरशी तो आवाज जायच्या ऐवजी जास्त ठसठशीत होत गेला. त्याचं जेवणात लक्ष लागेना. ऑफिसात तो एका बंगल्याला जिना काढायलाच विसरला.

एका सुट्टीच्या दुपारी बायको टॉवेल घेऊन दारात उभी असताना ते "खक्" वाजलं.

"धूळ नाहीये ती," ती म्हणाली. "माणूस खोकलाय. कोरडा खोकला आहे, सिगारेटवाल्याचा."

जावयाने सुई उचलून तीच जागा पुन्हा लावली. मग दोघांनी सासूबाईंना बोलावून त्या उत्तम जागी बसवलं. सुई टेकली. व्हायोलिन वाजलं, खोकला आला, आणि सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे आमचे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी खोकलं होतं. रेकॉर्ड बाजारात गेल्यावर कंपनीत बोभाटा झाला, आणि क्लॅरिनेटवाल्याला घरी बसवलं. पुढे सासऱ्यांनी मुलांना वाद्य शिकवून संसार केला. त्या खोकल्याचा विषय निघाला, की ते एवढंच म्हणत, "त्या व्हायोलिनवाल्याला विचारा." सासूबाईंनी त्याचा अर्थ सरळ घेतला होता: खोकला व्हायोलिनवाला, भोगलं आपण. दोन घरांचं जाणंयेणं तुटलं. व्हायोलिनवाल्याची बायको बाजारात दिसली, तर सासूबाई नको असलेली भाजी घ्यायला वळत. ती बिचारी वारली, तेव्हाही त्या भेटायला गेल्या नव्हत्या.

आणि खोकला होता नवऱ्याचाच. त्यात शंका नव्हती. तो खोकला त्यांनी जन्मभर शेजारच्या उशीवर ऐकला होता. तो सगळा आठवडा त्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाठ करून बसल्या. जावई दबक्या आवाजात बायकोला म्हणाला, की घरघर परत आणता आली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणाली, आता तोंड उघडूच नका.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी स्वतः फोन करून व्हायोलिनवाल्यांना बोलावलं. ते आले. इस्त्रीचा कोट, हातात काठी आणि कानात ऐकायचं यंत्र. सासूबाईंनी पाणी दिलं आणि सरळ हात जोडले. आमच्या माणसाने तुमच्यावर आळ घेतला, मी तो खरा मानला, माफ करा, असं म्हणाल्या. व्हायोलिनवाले अवघडले. एकट्याने वाजवायचा माझा एकुलता एक तुकडा त्याने खोकून घालवला, म्हणून मीच त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, माफी कसली मागता, असं म्हणत ते त्या खुर्चीत बसले.

जावयाने सुई टेकवली आणि तेवढ्यात खोलीभर बारीक शिट्टी ऐकू आली. तो गुडघ्यांवर जाऊन स्पीकरच्या मागे शिरला, वायरी उपसू लागला. बायकोने त्याच्या शर्टाला धरून त्याला मागे ओढलं आणि पाहुण्यांच्या कानाकडे बोट दाखवलं. व्हायोलिनवाल्यांनी यंत्र नीट बसवलं. शिट्टी थांबली. जावई केसांतली जळमटं झटकत उभा राहिला.

रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली. खोकला आला तसे म्हातारबोवा पुढे झुकले.

"परत लावा."

परत लावली. या वेळी त्यांनी खोकल्याच्या अगदी आधी बोट वर केलं. तिथे, खोकल्याच्या जेमतेम अलीकडे, व्हायोलिन किंचाळलं होतं. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं.

"हा मी," ते म्हणाले. "माझी बोटं सटकली होती. वाजवताना मला ते कळलंच नाही, आणि नंतर कधी ऐकूच आलं नाही. आमच्या घरच्या प्लेयरवर नुसती घरघर." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आमच्या कंपनीच्या साहेबांना बेसूर कळत नसे, पण कुणी खोकलं की ते पेटायचे, सगळं थांबवून पहिल्यापासून घ्यायला लावायचे. तो मुद्दाम खोकला. मला परत वाजवायला मिळावं म्हणून."

"मग साहेबांनी थांबवलं का नाही?" बायकोने विचारलं.

"जेवायची वेळ झाली होती," व्हायोलिनवाले म्हणाले.

सासूबाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावूनही ते आवरेना, आणि हसता हसता त्या रडायला कधी लागल्या ते कुणालाच कळलं नाही. व्हायोलिनवाले खिशात रुमाल शोधत बसले. "त्याला वाटलं असणार, की तो का खोकला ते मला माहीत आहे," ते परत परत म्हणत होते. "मी आपण होऊन सांगेन, म्हणून तो वाट बघत राहिला असणार."

जावयाला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. जे सुचलं ते सुईच्या वजनाबद्दल होतं, म्हणून तो चहा टाकायला गेला.

निघताना व्हायोलिनवाल्यांनी त्याचा हात हातात घेतला. असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही, म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, की तेवढी ती किंचाळी काढून टाकता येईल का. जावयाने खेदाने मान हलवली. खाचेत आहे ते आहे, तो म्हणाला.

आता ते दर रविवारी येतात. ती खुर्ची त्यांचीच झाली आहे, आणि सासूबाईंची शेजारी. रेकॉर्ड लागते, पण दोघं ती ऐकत नाहीत. कोण कसं वाजवायचं, कोण कुणाकडून बिडी मागून घ्यायचं, साहेबांचा केसांचा टोप एकदा पंख्याच्या वाऱ्याने कसा उडाला, हे ऐन सुरावटीवरून मोठमोठ्याने चाललेलं असतं. पहिल्या रविवारी जावयाने दोनदा घसा खाकरून पाहिला. दुसऱ्या रविवारी सासूबाईच त्याला म्हणाल्या, "जावईबापू, जरा बारीक करता का? बोललेलं ऐकू येत नाही."

त्याने आवाज बारीक केला, एक स्टूल ओढलं आणि टोपाची हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली.