कुंकवावर राख

राजाबाईनं फावडं फेकून दिलं आणि ती नखांनीच माती ओरबाडायला लागली. फावड्याला जागाच उरली नव्हती. डंपर उजव्या कुशीवर आडवा पडला होता, केबिन अर्धी मातीच्या ढिगात रुतली होती आणि फुटलेल्या काचेतून परशरामचं तोंड अन् एक हात तेवढा दिसत होता. बाकीचा सगळा नवरा चिकण मातीखाली.

"अवो, बोला की. गप बसू नगासा."

"बोलतोय की." परशरामचा आवाज खोल आडातून आल्यासारखा येत होता. "माझं काय चुकलं गं?"

मातीचा एक लपका राजाबाईनं मागं फेकला, तर हाताला चिकटलेला निम्मा तसाच परत आला. काय मेली माती! अंगाला लागलेल्या जळवेसारखी सुटता सुटत नव्हती.

वर बांधावर जमलेल्या मजुरांना मागं थोपवून सुपरवायझर अरिहंत फोन कानाला लावून उभा होता. बोरगावचा पोरगा, अजून लग्न व्हायचं होतं, आणि तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. दवाखान्यातला डॉक्टर पलीकडून सांगत होता, तसं तो खाली ओरडत होता.

"आक्का, ओढू नका त्यांना! गाडी आणखी घसरंल. भरमू पोकलेन घेऊन याय लागलाय. तवर झोपू देऊ नका. काय बी करा, पण जागं ठेवा!"

भरमूचं पोकलेन खाणीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. पोकलेनची चाल म्हणजे दिवस भरलेल्या बाईची चाल. येतंय, येतंय, आणि अजून तिथंच.

खानापूरच्या पुढं, रानाच्या कडेला ही बॉक्साईटची खाण. बॉक्साईटच्या डोक्यावर ही तांबडी चिकण माती, पाऊस सरला तरी ओल धरून बसणारी. डंपरच्या हौद्याला ती अशी धरते, की हौदा वर उचलला तरी निम्मा माल सांडतो आणि निम्मा वरच्या टोकाला तसाच चिकटून बसतो. एवढं वजन उंचावर लटकलं आणि चाकाखालची कड जरा खचली, की गाडी उलथलीच म्हणून समजा. म्हणून दर खेपेआधी रिकाम्या हौद्यात गुऱ्हाळाची कोरडी राख पसरायची. पत्रा आणि माती यांच्यात राख असली, की माल सुळकन उतरतो. हे काम राजाबाईचं. राख पसरून झाली की ती हौद्यावर थाप मारायची आणि थाप ऐकली की परशराम गाडी हलवायचा. मागं वळून बघायचा नाही. बायकोच्या थापेवर कसला आलाय संशय!

आणि काल खंडेनवमी झाली होती. गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा चढल्या. राजाबाईनं हौसेनं हौद्यात उतरून तळाच्या पत्र्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. आज सकाळी राखेची पाटी घेऊन ती हौद्यात चढली आणि तिचा हातच चालेना. कुंकवावर राख? भरल्या कपाळाच्या बाईनं, नवऱ्याच्या गाडीत, आपल्या हातानं? एका खेपेनं काय होतंय, असं म्हणून तिनं पाटी तशीच खाली उतरवली आणि थाप मारली. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून बाई जपायला गेली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

"एवढी वर्सं गाडी चालवली," परशराम पुटपुटला, "साधा आरसा फुटला न्हाय माज्या हातनं. आज कसं झालं? कड बघूनच लावलती गं."

"ऱ्हाऊ द्या ते. आपल्या पोरीची, नीलमची परीक्षा हाय न्हवं फुडल्या महिन्यात? तिला खानापूरला कोण सोडणार?"

"नीलम..." तो म्हणाला, आणि पुढं काहीच बोलला नाही. पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

तिनं त्याच्या गालावर चापट मारली. मातीचा पंजा उमटला. तिनं त्याच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं, दारातल्या म्हशीचं घेतलं, ग्रामदेवीला साकडं घातलं. परशराम "हां" म्हणायचा, मग "हं", मग तेही बंद झालं.

"अवो! अवो, माझ्याकडं बघा!"

"डोळं मिटलं काय आक्का?" वरून अरिहंत ओरडला. "मिटू देऊ नका!"

पोकलेन अजून चढणीलाच होतं. राजाबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. काय सांगू आता या माणसाला? सगळं सांगून झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती. ती सांगितली तर घरात, गावात, खाणीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. तिनं काचेतून डोकं आत घातलं आणि ओरडली, बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं.

"राख टाकली न्हवती मी! ऐकलासा काय? राख टाकली न्हाय, तशीच थाप मारली!"

परशरामच्या पापण्या हलल्या.

"काय म्हणालीस?"

"कुंकू हुतं तळाला. न्हाय टाकली मी."

त्यानं डोळे उघडले. चांगले टक्क उघडले.

"सटवे!" त्याच्या घशातून आवाज फुटला. "भवाने! आणि मी मगापास्नं माजंच काळीज खातोय व्हय! तुज्या बापानं थाप मारलीती काय खोटी? मसणात घालाय निघालीस मला!"

"व्हय. आणि म्हणा."

"तुझं तोंड बघणार न्हाय मी!"

"नगा बघू. बोला पर. थांबू नगासा!"

आणि परशराम थांबला नाही. तिच्या माहेराला, तिच्या कुळाला, तिच्या हातांना त्यानं एकेक करून धुऊन काढलं. दम लागला की राजाबाईच डिवचायची आणि तो पुन्हा भडकायचा. भरमूनं पोकलेनचं बकेट केबिनखाली घालून गाडी उचलून धरली, माणसांनी परशरामला खांद्याखाली धरून ओढलं, पायाचा चेंदा झालेला बघून एकजण बाजूला जाऊन ओकला, तरी शिव्या चालूच.

दवाखान्याची अॅम्ब्युलन्स आली. त्याला आत ठेवल्यावर राजाबाई चढायला लागली, तसा तो आतून किंचाळला.

"तिला घेऊ नका! उतरवा तिला!"

ती उतरली. भरमू आत बसला. दार लागलं आणि गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात निघाली.

अरिहंत तिच्याजवळ आला. त्याला बोलायला जड जात होतं.

"आक्का, वर सांगावं लागंल मला. सगळ्यांनी ऐकलंय. उद्यापास्नं तुम्ही..."

राजाबाईनं मातीनं माखलेला हात वर करून त्याला थांबवलं. मान तिरकी करून ती कान देऊन उभी होती. वळणावर गाडी हळू झाली, तसा उघड्या खिडकीतून परशरामचा आवाज आला, बारीक, पण आला.

"जरा गप ऱ्हावा साहेब," ती म्हणाली. "अजून शिव्या देतायत."