मागच्या खोलीतला स्पीकर

आमचे चिरंजीव कुठलीही जुनी वस्तू टाकत नाहीत. ऑफिसात नवी यंत्रं आली की भंगारात निघालेली जुनी यंत्रं आमच्या माळ्यावर येतात. पदरी पडलं पवित्र झालं, हा त्यांचा बाणा. या विषयात त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. सूनबाईंनी तर वाद सोडून माळ्याखाली उभं राहणंसुद्धा सोडलं आहे.

मध्यंतरी घरात वायरलेस स्पीकर आले. बैठकीत एक, स्वयंपाकघरात एक, झोपायच्या खोलीत एक. ते म्हणे आपापसांत बोलतात. घरातली माणसं बोलत नाहीत तेवढं. फोनवर काही म्हटलं की तिन्ही स्पीकर एका सुरात तेच म्हणतात, त्यामुळे चहा झाल्याची बातमी पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसालाही आता यंत्रामार्फत मिळते. सोय म्हणतात ती हीच.

राहिलो मी. माझी खोली अंगणापलीकडे. भिंती जाड, त्यामुळे वायफाय तिथवर पोचता पोचता धापा टाकतं. म्हणून मला जेवायला बोलवायला अजून माणूस यायचं. दार ढकलायचं, पलंगाच्या कडेला टेकायचं, गुडघा कसा आहे विचारायचं आणि माझं उत्तर संपायच्या आत उठायचं. दिवसभरात माझ्या वाट्याला येणारी सोबत तेवढीच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला ती हवी होती.

आणि चिरंजीवांनी ठरवलं, बाबांच्या खोलीतही स्पीकर पाहिजे. का, तर मला एकटं वाटू नये. माझा एकटेपणा घालवायला ते माझ्याकडे येणारं माणूस बंद करणार होते. शिकल्यासवरल्या मुलाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

नवा राउटर आणला असता तर काम तासाभरात उरकलं असतं. पण माळ्यावर जुना असताना नवा घेणं म्हणजे पाप. मग तो धूळ झटकून खाली आला, अंगणातून वायर आली आणि त्याची माझ्या टेबलावर स्थापना झाली. स्पीकर नवा, राउटर म्हातारा. दोघांचं काही जमेना. चिरंजीव जमिनीवर मांडी ठोकून बसले आणि म्हाताऱ्याच्या सवयी एकेक करून मोडू लागले. घरातला सगळा कारभार बैठकीतल्या राउटरने बघायचा, याने मधे तोंड घालायचं नाही, आलेला निरोप गुपचूप पुढे द्यायचा. हे सगळं माझ्यादेखत शिकवणं चाललं होतं.

जमतही आलं होतं. पण राउटरच्या मागे दोन भोकं रिकामी उरली, आणि रिकामी जागा आमच्या घराण्यात कोणाला बघवत नाही. मी स्वतः पिशवीत कोपरा मोकळा दिसला तर पायमोजे कोंबतो. चिरंजीवांनी उरलेल्या वायरीचं एक टोक एका भोकात खुपसलं आणि दुसरं त्याच राउटरच्या शेजारच्या भोकात. झालं. निरोप एका भोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत शिरू लागले आणि घाण्याच्या बैलासारखे तिथेच फिरत राहिले. घरभराचं इंटरनेट बसलं. ऑफिसची मीटिंग अर्ध्यात तुटली म्हणून सूनबाई तावातावाने माझ्या खोलीत आल्या. पण आल्या.

पुढे चिरंजीव दोष शोधत माझ्याच खोलीत ठाण मांडून बसले. चहा इथे, जेवणही इथेच. गुडघ्याबद्दलचं उत्तर मला पहिल्यांदाच पूर्ण करता आलं. ती वायर जिथून निघते तिथेच परत जाते हे मला पलंगावरून दिसत होतं, पण मला त्यातलं काय कळतं? निदान घरातल्यांचं तरी तसंच मत आहे.

शेवटी त्यांना वायर सापडली. ती काढली आणि घर पुन्हा सुरू झालं. चिरंजीव खुशीत अंगण ओलांडून गेले आणि माझ्या टेबलावरून खणखणीत आवाज आला, "बाबा, जेवायला चला."

मी जागचा हललो नाही.

ते परत आले, ऐकू आलं का विचारलं. मी नाही म्हणालो. ते गेले, पुन्हा आवाज आला, पुन्हा ते आले, पुन्हा मी नाही म्हणालो. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग एकदा ते अंगणातच थांबले आणि स्पीकर हळूच म्हणाला, "बाबा, तुमचा चष्मा पलंगाखाली पडलाय."

मी वाकून बघितलं. चष्मा माझ्या नाकावर होता, आणि चिरंजीव दारात.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "हे चालू झालं की मला बोलवायला कोणी येणार नाही," मी म्हणालो.

ते आत आले. पलंगाच्या कडेला टेकले. मग उठून त्यांनी राउटरचा प्लग काढला.

जेवताना सूनबाईंनी विचारलं, झालं का काम.

"नाही झालं. जुना राउटर तो, त्याच्याने नाही होणार."

सूनबाईंचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आयतं ताटात पडलं होतं. त्यांनी सगळा वचपा काढला, माळ्यावरच्या एकेका डब्याचा उद्धार केला. आणि ज्याला या विषयात कधी कोणी हरवलं नव्हतं, तो माझा मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मला भरून आलं. मी पाणी प्यायलो.

"मग नवा आण ना," सूनबाई म्हणाल्या, "तासाभराचं तर काम."

"नको," तो म्हणाला. "बाबांना बोलवायला मी जात जाईन."