गिअरबॉक्सखालचा तिसरा बोल्ट

न्हाणीघरातला नळ. दादाने बंद केला की दादानेच उघडायचा.

आईचा चष्मा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली.

साखरेची काचेची बरणी. दोन महिने उघडत नाही. आत साखर आहे, दिसते.

माझी पहिली सायकल, जिचं हँडल वळत नसे.

आमच्या घरात एक रोग आहे. कुठलीही गोष्ट घट्ट बसली की तिला आणखी पाव फेरा द्यायचा. बाबा देतात. बाबांच्या हातात आता जोर नाही म्हणून दादा गुपचूप देतो. दादाचं काम म्हणजे वरवरचं, म्हणून मी देते. मी कारखान्यात टूलरूमला आहे, बावीस वर्षं. निदान मला तरी कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी कळलं. बाबांच्या जुन्या गाडीखाली मी पाठीवर पडले होते. गिअरबॉक्स एका आडव्या पट्टीवर टेकतो आणि पट्टीचे चार बोल्ट खालून त्याच्या ॲल्युमिनियमच्या कवचात चढतात. तिसऱ्याला सकाळी बाबांनी पाव फेरा दिला होता, जेवणाआधी दादाने. मग मी दिला. पाना एकदम हलका झाला. बोल्ट सरळ हातात आला, आणि त्याच्याभोवती कवचातले आटे, रुपेरी दोऱ्यासारखे गुंडाळलेले.

सोमवारी तपासणी होती. गाडी पन्नाशीची, नापास झाली की नंबर रद्द, म्हणजे पुन्हा रस्ता नाही. बाबांनी सदऱ्याला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती.

नाक्यावरच्या मिस्त्रीने वाकून पाहिलं. असलं कवच आता कुठेच मिळत नाही, तेव्हा मी हात लावणार नाही, म्हणाला. फार तर गाडीच्या तेराव्याला दोन शब्द बोलायला येईन.

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "शेवटचा हात कुणाचा होता, कारखानदारीणबाई?"

माझा होता. मी संध्याकाळी टूलरूममधून पेटी मागून आणली.

इलाज मला पाठ होता. भोक थोडं मोठं करायचं, त्यात टॅपने नवे आटे पाडायचे, त्यांत पोलादी तारेची गुंडाळी बसवायची. मग जुनाच बोल्ट त्या गुंडाळीत चढतो. टेबलावर मी अशी शेकडो भोकं केली होती. काम नाकावर लटकत असताना एकही नाही. शिवाय हे भोक आरपार नव्हतं. बावीस मिलिमीटर खोल, पुढे चार मिलिमीटरची भिंत, भिंतीमागे तेलात गिअर. ड्रिल तिथून पलीकडे गेलं की कवच गेलं, गाडी गेली.

रविवारी सकाळी ड्रिलच्या पात्याला एकविसाव्या मिलिमीटरवर लाल चिकटपट्टी गुंडाळली. दादाकडे बॅटरी दिली. बाबांना अंगणाबाहेर काढलं. ते फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले. आणि आईला पाटावर बसवलं, हातात सुताराचा गुण्या देऊन, ड्रिल काटकोनात राहतंय का ते बघायला. भिंतीवरचा फोटो केसभर कलला तरी आईला जेवण जात नाही.

ड्रिल सुरू केलं.

"तुझ्याकडे कलतंय," आई म्हणाली. "अजून. हां. आता हलू नकोस."

ॲल्युमिनियमचा चुरा माझ्या चष्म्यावर, ओठांवर, गळ्यात. तळ जवळ आला की ड्रिल हावरटासारखं पुढे ओढतं. मी दोन्ही कोपर फरशीला रोवून त्याला मागे खेचून धरलं. लाल पट्टी कडेला टेकली. थांबले. काडी घालून चाचपलं. तळ शाबूत.

मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटून पडतो. अर्धा पुढे, पाव मागे. आमच्या घराण्यात पाव फेरा मागे कुणी घेतलाच नव्हता. दादाला राहवेना. उलटं का फिरवतेस, किती वेळ लावतेस, मी करू का? आईने गुण्या त्याच्या गुडघ्यावर हाणला.

गुंडाळी आत गेली. तिच्या टोकाचा तुकडा तोडला, तो माझ्या कपाळावर पडला.

आडवी पट्टी परत चढवली. तिसरा बोल्ट बोटांनी, निम्म्यापर्यंत, लोण्यासारखा. पुढे टूलरूमचा पाना, ठरलेला जोर भरला की वाजणारा.

कट.

मी बाहेर सरकले. दादा आडवा होऊन आत शिरू लागला, हातात आपला पाना. "जरा बघतो."

बाबा कधी आत आले होते कुणास ठाऊक. त्यांनी दादाचा पाय धरला.

"वाजलं ना?" ते म्हणाले. "मग झालं."

दादा बाहेर आला. मी पाना पेटीत ठेवला. घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट नुसती घट्ट होती.

सोमवारी तपासनीस गाडीखाली खड्ड्यात उतरला. गिअरबॉक्सला पहार लावून वर ढकललं, बाजूला ढकललं, चारही बोल्टांवर हातोडी वाजवली. वरून आम्ही चौघं वाकून बघत होतो. हे कुणी केलं, त्याने विचारलं. बाबा, दादा आणि आई, तिघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने सही केली.

परत येताना गाडी बाबांनी चालवली. मिस्त्रीच्या दुकानासमोर विनाकारण वेग कमी केला आणि हॉर्न इतका लांब वाजवला, की तो हातातलं चाक तसंच धरून बाहेर आला.

ही गाडी पहिल्यांदा घरी आली ती ढकलत. तेव्हा बाबांना गाडी चालवता येत नव्हती.