पडेल नमुना

"काका, ह्यातलं पडेल कुठलं?" टेबलावर मांडलेल्या पुठ्ठ्याच्या तीन नमुन्यांवर वाकत साहेबांनी विचारले.

"कडेची दोन्ही. मधलं आपलं."

"उजवीकडचं पडेल वाटत नाही हो. जरा जास्तच नटवलंय."

"माझीच वसाहत आहे, साहेब. शेजारीपाजारी बघणार. अगदीच गबाळं केलं तर तोंड दाखवायची सोय राहायची नाही."

साहेब हसले. "बरं, राहू दे. मधल्यात दोन झाडं वाढवा म्हणजे झालं," असे म्हणून ते आपल्या काचेच्या खोलीत गेले. कचेरीतले नमुने बनवणारे मॉडेलकाका साहेबांशी आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलले होते. ते पचले याचे समाधान वाटण्याऐवजी साहेबांच्या नजरेविषयीचे त्यांचे जुने मत तेवढे आणखी पक्के झाले.

वास्तुरचनाकाराच्या त्या कचेरीत 'पडेल' ही शिवी नव्हती. तो कामाचा एक प्रकार होता. चौक असो, बाग असो वा एखाद्या वसाहतीचे आवार, त्याला हात लावण्यापूर्वी तिथल्या रहिवाशांचे मत घ्यावे असा नियम होता, आणि साहेब नियमाला धरून चालणारे होते. म्हणून रहिवाशांना बोलावले जाई, त्यांच्यापुढे तीन नमुने ठेवले जात, प्रत्येकाच्या हातावर एक चिकटणारा रंगीत ठिपका दिला जाई आणि आवडलेल्या नमुन्यावर तो डकवण्याची विनंती केली जाई. काय बांधायचे ते अर्थातच आधी ठरलेले असे. ठरलेले ते मधोमध ठेवायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पडण्यासाठी जन्मलेले दोन नमुने उभे करायचे, ही कचेरीची रीत होती.

पाडणे हे कसबाचे काम असते, आणि मॉडेलकाका त्यात मुरलेले होते. नमुना ढोबळपणे कुरूप केला तर लोकांना संशय येतो. म्हणून त्यांनी बारीक युक्त्या बसवल्या होत्या. पडेल नमुन्याचा पुठ्ठा किंचित राखाडी घ्यायचा. त्यातली माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी करायची. जिना बघणाऱ्याच्या अंगावर येईल असा वळवायचा. आणि मधल्या नमुन्यात मात्र एक आई, तिचे बोट धरलेले मूल, बाकावर एक म्हातारा आणि त्याच्या पायाशी कुत्रा. कुत्रा कधीच वाया जात नसे. लोक यायचे, कुत्र्याकडे पाहायचे, ठिपका डकवायचे आणि जणू राज्याभिषेक झाल्यासारखे छाती काढून घरी जायचे.

या माणसांविषयी मॉडेलकाकांना काडीचाही आदर नव्हता, आणि त्यांना ठिपके वाटणाऱ्या साहेबांविषयी तर नव्हताच. साहेब 'सहभाग' हा शब्द उच्चारताना डोळे अर्धे मिटत, तेव्हा ते एखाद्या आजारी माणसाला गोड औषध पाजत आहेत असे वाटे. मॉडेलकाकांचा तिरस्कार पंक्तिभेद करणारा नव्हता. देणारा आणि घेणारा दोघांनाही तो सारखाच वाढला जाई. स्वतःला मात्र त्यांनी या पंक्तीतून वगळले होते. आपण फसवले जात नाही एवढ्यावरून आपण शहाणे आहोत, असे ते समजत.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. ज्या आवाराचा निकाल लागायचा होता त्या आवारात मॉडेलकाकांचे दार उघडत होते, आणि त्या दारात त्यांची थोरली बहीण राहत होती.

ताईने त्यांना आईच्या मागे वाढवले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने उभी हयात काढली, आणि नोकरीच्या अखेरीस तिची दृष्टी हळूहळू जात जात पुरती गेली. त्यांच्या तळमजल्यावरच्या दारापासून निघून पाण्याच्या टाकीला वळसा घालत फाटकापर्यंत जाणारी कंबरेएवढी एक भिंत होती. कोळसा साठवण्याच्या काळात कुणीतरी ती घातली. पुढे कोळसा गेला आणि भिंत राहिली. त्या भिंतीवर डावा हात ठेवून ताई रोज सकाळी फाटकापर्यंत जाई, दूध घेई, उन्हात थोडी बसे आणि तशीच परत येई. तिच्या दिवसात घराबाहेरचे म्हणून जे काही होते, ते या भिंतीला लागून होते.

साहेबांच्या मधल्या नमुन्यात भिंत नव्हती. तिथे एकसलग, मोकळे, फरसबंद प्रांगण होते आणि त्याच्या मध्यावर बसायला गोलाकार पायऱ्या होत्या. "भिंती माणसांना तोडतात," असे साहेबांनी आराखड्याच्या कोपऱ्यात स्वहस्ते लिहिले होते. उजवीकडच्या पडेल नमुन्यात भिंत होती, कारण तिच्याशी तुलना केल्यावर मोकळीक उठून दिसावी हा हिशेब होता. तोच नमुना मॉडेलकाकांनी जिंकवायचे ठरवले. त्यांनी त्याला उत्तम पांढरा पुठ्ठा वापरला, भिंतीवर वेली चढवल्या, तिच्या कडेने बाक ठेवले आणि मधल्या नमुन्यातला कुत्रा उचलून त्या भिंतीच्या सावलीत आणून बसवला. ताईला त्यांनी यातले काही सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते? तिच्या भल्याचे होते.

सभा रविवारी आवारातच भरली. साहेब बिनइस्त्रीचा महागडा सदरा घालून आले होते. वसाहतीच्या सेक्रेटरींनी ध्वनिक्षेपक आधीच काबीज केला होता. हे गृहस्थ करवसुली खात्यातून निवृत्त झालेले होते, आणि निवृत्तीनंतर जगाची झडती घेण्याचे काम त्यांनी विनावेतन चालू ठेवले होते. वसाहतीत मॉडेलकाकांना सर्वांत असह्य कोण असेल तर हे.

"रहिवासी बंधुभगिनींनो, घाई करू नका. आधी नीट बघा, हात लावून बघा, मग ठरवा," सेक्रेटरी गरजले.

लोक टेबलाभोवती जमले. मॉडेलकाका मागे उभे राहून त्यांच्या पाठी पाहत होते. आता कुत्रा दिसेल, मग वेली, मग ठिपके. हा क्रम त्यांना पाठ होता.

"अय्या, हे उजवीकडचं किती गोड आहे," दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली. मॉडेलकाकांच्या जिवात जीव आला. पण बाई तिथेच थांबली नाही. "इतकं गोड कशाला केलंय पण?"

"तेच म्हणतो मी," सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मधल्यापेक्षा ह्याच्यावर मेहनत जास्त दिसते. का बरं?"

"काकांचा जीव ओतलाय त्यात."

"काका कुणाचा पगार घेतात? साहेबांचा! म्हणजे जीव कुणी ओतायला सांगितला?" सेक्रेटरींनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवून आवाज उतरवला, तरी तो फाटकापर्यंत ऐकू गेला. "अहो, खात्यात जन्म गेला माझा. समोरचा जे नटवून पुढे करतो ना, तिथेच गोम असते. ह्यांना भिंत ठेवायचीय. काम कमी, बिल तेवढंच!"

"खरंच की!"

"म्हणजे आपल्याला येडं बनवतायत!"

"मधलं घ्या, मधलं. जरा साधं दिसतंय, पण प्रामाणिक आहे."

मॉडेलकाका थक्क झाले. इतकी वर्षे ही माणसे विचार करत नाहीत म्हणून त्यांनी त्यांना तुच्छ मानले होते; आज पहिल्यांदाच त्यांनी विचार केला होता आणि त्या विचाराच्या जोरावर ती सरळ चालत जाऊन साहेबांच्या मुठीत बसली होती. मधला नमुना बघता बघता ठिपक्यांनी गोवर आल्यासारखा दिसू लागला. साहेब अर्धे डोळे मिटून उभे होते. आपण काहीही न करता जिंकत आहोत याचे आश्चर्य त्यांना वाटत नव्हते, कारण तसे जिंकण्याची त्यांना सवय होती.

"मलाही ठिपका द्या की," मागून आवाज आला.

गर्दी दुभंगली. ताई भिंत सोडून टेबलाकडे येत होती. साहेब लगबगीने पुढे झाले, त्यांनी तिचे दोन्ही हात धरून तिला टेबलापाशी आणले आणि आपल्या छायाचित्रकाराला खूण केली.

"हाच, हाच खरा सहभाग!" ते सद्गदित होऊन म्हणाले.

"फोटो काढताय का?" ताईने विचारले. "मग थांबा, पदर नीट करते. आणि हात सोडा, त्याच हातांनी बघायचंय मला."

लोक हसले. ताईने तिन्ही नमुन्यांवरून बोटे फिरवली. उजवीकडच्या नमुन्यावर तिची बोटे सर्वांत जास्त वेळ रेंगाळली. भिंतीच्या कडेने ती टाकीला वळसा घालून फाटकापर्यंत गेली आणि वाटेत कुत्र्यापाशी थबकली. मॉडेलकाका तिच्या कानाशी वाकले.

"हाच तो, ताई. ह्याच्यावरच लाव."

"कळलं मला," ती म्हणाली, आणि हात उचलून तिने आपला ठिपका मधल्या नमुन्यावर घट्ट दाबला.

टाळ्या झाल्या. सर्वांत मोठ्याने सेक्रेटरींनी वाजवल्या.

घरात आल्यावर मॉडेलकाकांनी दार लावले. मग म्हणाले, "ताई, तू काय केलंस कळतंय का तुला? भिंत जाणार आता."

"म्हणून तर लावला तिथे."

"तू फाटकापर्यंत जाणार कशी? घरात कोंडून घेणार आहेस का स्वतःला? त्या एका नमुन्यासाठी मी साहेबांशी खोटं बोललो. रात्रंदिवस मरमर केली."

"मला विचारलं होतंस?"

"ह्यात विचारायचं काय?"

"तेच ते," ताई खुर्ची चाचपून बसली. "तुझा साहेब निदान खोटं का होईना, विचारतो तरी. तू तेही केलं नाहीस."

मॉडेलकाकांना हा घाव वर्मी बसला. पण वाद सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "तुला भिंत नको होती, हे मला कसं कळणार? रोज तिच्याच आधारानं जातेस."

"जाते ना. आणि सगळी वसाहत खिडकीतून बघते आणि म्हणते, ताईंचं बरं आहे, जातात आपल्या भिंत धरून. झालं! त्यांची सुटका. अरे धाकट्या, एक्स्चेंजमध्ये असताना दिवसभर माणसं बोलायची माझ्याशी. ह्या भिंतीनं आजवर एक शब्द बोलून दाखवलाय का? ती आहे तोवर कुणी हात पुढे करायचं नाही."

"आणि ती गेल्यावर करतील? ही माणसं? तू ओळखत नाहीस ह्यांना."

"तू ओळखतोस?"

"चांगला!"

"मग बघू की. नाही आलं कुणी, तर नाही आलं. तेही एकदा कळू दे मला."

यावर देण्यासारखे उत्तर मॉडेलकाकांपाशी होते, आणि ते चांगले घडवलेलेही होते. पण ताई तोवर केस विंचरायला उठली होती.

भिंत पाडायला फार वेळ लागला नाही. गवंड्यांनी राडारोडा उचलून नेला, आणि फरशी यायची होती तोवर आवार नुसते मोकळे मातीचे मैदान होऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दुधाची किटली घेतली. "तू खिडकीत उभा राहा हवं तर," ती म्हणाली. "दारात नको. आणि हाक मारायची नाही."

ती पायरी उतरली, चार पावले चालली आणि थांबली. डावा हात सवयीने थोडा बाजूला गेला होता. तो तिने मागे घेतला नाही.

शिवणकामवाली बाई पिशवी घेऊन घाईने आली. "ताई, आज ऊन छान पडलंय नाही?" असे म्हणून तितक्याच घाईने गेली. एक सायकलवाला तिला सफाईने वळसा घालून निघून गेला. तिसऱ्या मजल्यावरचे जोडपे आपसात भांडत गेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मॉडेलकाकांचे म्हणणे खरे ठरत होते. आणि आपल्याला त्याचा आनंद होतो आहे, हे ध्यानात येताच त्यांना स्वतःची किळस आली. स्वतःविषयीची ही भावना त्यांना नवी होती.

ताई आत वळली नाही. ताठ मानेने, हात तसाच ठेवून ती उन्हात उभी राहिली.

मग सेक्रेटरी आले. "अहो ताई, अशा मध्येच काय उभ्या?"

"भिंत शोधतेय."

"भिंत? ती आपण पाडली की!"

"हो ना. मग आता काय करायचं?"

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिले. मग छत्री काखेत मारून त्यांनी ताईचे मनगट पकडले, तेही एखाद्या करबुडव्याला ताब्यात घ्यावे तसे.

"चला. कुठे जायचंय?"

"दूध आणायला. जरा सैल धरा, मी पळून जाणार नाही."

दोघे निघाली. सेक्रेटरींनी लगेच आपल्या खात्यातली कुठलीशी गोष्ट सुरू केली. ते तिला ओढत चालले होते, चुकीच्या बाजूने चालले होते, आणि टाकीपाशी जिथे माती खचली होती तिकडेच नेत होते. धरायची ही पद्धत नव्हे, वाटही ही नव्हे, हे ओरडून सांगण्यासाठी मॉडेलकाकांनी खिडकीचे दार ढकलले. तेवढ्यात ताई मध्येच थांबली, काहीतरी म्हणाली, आणि सेक्रेटरी पोट धरून हसू लागले. तीही हसत होती.

वारा सुटला होता. खिडकीचे दार आपटू नये म्हणून मॉडेलकाका ते हाताने धरून उभे राहिले.