तुकड्यांचं तिकीट

मार्गिताने बूट घातले, आणि तेही घरात.

चाकाच्या खुर्चीतून घरच्या मालकिणीने, फ्राऊ लाइटगेबने, ते पाहिलं. म्हातारीला पोटच्या मुलाचं नाव आठवत नसे, पण बूट बरोबर दिसले.

"बूट!" ती म्हणाली.

"दिसले ना? मग गप्प बसा," मार्गिता म्हणाली. "मी निघालेय."

निघाली कुठली! बॅग दाराशी, कोट बॅगेवर, डोक्याला रुमाल, आणि बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. खिडकीतून बसथांबा दिसत होता. बसमधून योलाना उतरली की मार्गिता सुटणार होती. दोघींच्या पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळ्या. एक येईल तेव्हाच दुसरी जाईल. म्हातारीला मध्ये घटकाभरही एकटं सोडायचं नाही. ती खुर्चीतून उठायला जाई आणि उठायला गेली की पडे. शेजारीण बसायला तयार होती, पण उचलायला नाही. मुलगा लांब हॅम्बुर्गला. सकाळी मार्गिताने त्यालाही फोन करून पाहिला.

"बदली येईपर्यंत थांबायचं ठरलंय ना आपलं," तो गोड आवाजात म्हणाला.

ठरलंच होतं. ऑस्ट्रियातली म्हातारी माणसं उचलायला स्लोव्हाकियातून येणाऱ्या सगळ्याच बायकांचं तसं ठरलेलं असतं.

त्याआधी घरून, हुमेन्नेहून, लेकीचा फोन येऊन गेला होता. मार्गिताचा नवरा ओंद्रेय आठवडाभर इस्पितळात होता.

"आई, डॉक्टर म्हणतात, यायचं असेल तर आजच निघा. बाबा सारखे विचारताहेत, ती निघाली का म्हणून."

"निघालेच म्हणून सांग," मार्गिता म्हणाली, आणि बूट घातले.

जवळच्या लिंझहून दुपारची गाडी मिळाली तर व्हिएन्ना, तिथून ब्रातिस्लाव्हा, आणि मग रात्रभर देश या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत उजाडता हुमेन्ने. दुपारची गाडी गेली की सगळंच एका दिवसाने पुढे. मार्गिताने हे कुणाला विचारायची गरज नव्हती. गाड्यांचं तिला विचारत. गावातल्या निम्म्या बायका तिच्या हिशोबाने ऑस्ट्रियाला येत-जात.

"अख्खं तिकीट मागते ती मूर्ख," ती सांगायची. "पूर्वी रेल्वे एका बापाची होती. आता भाऊ वेगळे झालेत. आपली सरकारी वेगळी, पलीकडची वेगळी, खासगी वेगळी. भाऊ वेगळे झाले की आपण प्रत्येकाच्या दारात जायचं आणि स्वस्त असेल तेवढंच उचलायचं."

मग बोटांवर मोजून दाखवायची. आपल्या हद्दीत सरकारी गाडी. हद्द ओलांडायला पलीकडच्यांचं जाऊन-येऊन तिकीट, तेच स्वस्त पडतं, परतीचं फाडून टाकायचं असलं तरी. व्हिएन्नाहून पुढे खासगी कंपनीचं, एकाच ठरलेल्या गाडीचं, म्हणून कवडीमोल. ऐकणाऱ्या बायकांची तोंडं उघडी पडत. मार्गिताला ती उघडी तोंडं आवडायची.

ओंद्रेय तेवढा हसायचा. त्याचा जन्म रेल्वेत डबे जोडण्यात गेला होता.

"तिकीट आहे की गोधडी?" तो म्हणायचा. "अगं, डबे जोडायचे असतात, तिकिटं नाहीत. एक तिकीट हातात असलं की माणूस निवांत झोपतो. झोपला तरी पोचतो."

"तुझ्या पगारावर झोपूनच तर इथवर पोचलो आपण," मार्गिता फटकारायची. "दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं ढुंगण धुवायला."

मग तो हसायचा थांबायचा.

योलानाशी तिच्या येण्याच्या तिकिटावरून दोनच दिवसांपूर्वी फोनवर बोलणं झालं होतं. पोरगी नवी, घाबरट.

"मावशी, या खेपेला अख्खं तिकीट काढू का? महाग पडेल, पण एखादी गाडी चुकली तर पुढचीत बसवतात म्हणे. काकांचं असं चाललंय, तुम्हाला वेळेवर सोडायला हवं."

"तुझे काका जन्मभर मरायला टेकलेत," मार्गिता म्हणाली होती. "साधी सर्दी झाली तरी पाद्र्याला बोलावतात. तुला पैसे डॅन्यूब नदीत टाकायचे असले तर टाक बाई. मी शिकवलंय तसं काढायचं असेल तर तसं काढ."

योलानाने शिकवलं तसं काढलं.

बस आली. दोन शाळकरी मुली आणि कुत्रा घेतलेला एक माणूस उतरला. बस गेली. मार्गिताने काच पुसली, जणू दोष काचेचा होता. तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी, रागावू नका," योलाना म्हणाली. मागे स्टेशनातला गलका होता.

"कुठे आहेस?"

"व्हिएन्नाला. आपली गाडी तिकडेच, पोप्रादजवळ उभी राहिली. रुळावर झाड पडलेलं. म्हणून ब्रातिस्लाव्हाची पुढची गेली, आणि मग इथलीही गेली. आता ही खासगीवाली बाई मला चढूच देत नाही. म्हणते, तुमचं तिकीट त्याच गाडीचं होतं."

"सांग तिला, मागच्या गाडीला उशीर झाला."

"सांगितलं ना. म्हणते, ती गाडी दुसऱ्यांची. त्यांचा उशीर त्यांच्यापाशी." योलानाचं नाक वाजलं. "नवीन तिकिटाला पैसे नाहीत हो माझ्याकडे. संध्याकाळच्या गाडीत एक स्वस्त जागा आहे म्हणतात. तुमची गाडी मात्र आता काही केलं तरी..."

"मला कळतं," मार्गिता म्हणाली. "गाड्यांचं मला सांगू नकोस. ती जागा घे."

तिने फोन ठेवला. म्हातारी उठायला धडपडत होती. मार्गिताने तिच्या काखेत हात घालून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, जरा जास्तच जोरात.

"आऊ!" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही बऱ्या जगता!" मार्गिता म्हणाली. मग तिने म्हातारीची शाल नीट केली, आणि पायावरची पट्टी सैल झाली होती तीही बांधली.

दुपारची गाडी गेली. ती या घरातून दिसत नाही, पण वारा तिकडून असला की आवाज येतो. आला.

बूट काढावेत असं तिला वाटलं नाही. ती बुटांनीच स्वयंपाकघरात फिरली, बुटांनीच बटाटे सोलले, रस्सा चढवला. फरशीवर डाग उमटत गेले. म्हातारी मान वळवून वळवून ते बघत होती.

उन्हं कलली तेव्हा लेकीचा फोन आला.

"आई," ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही.

मार्गिताने गॅस बंद केला. "केव्हा?"

"आत्ताच. त्रास नाही झाला फार."

"काही बोलला?"

"तुझंच विचारत होते. गाडी कुठवर आली म्हणून." लेक थांबली. "मी म्हटलं, आई बसली गाडीत. व्हिएन्ना सोडलं."

"मग?"

"मग म्हणाले, पुढे सगळं सरळ आहे. आता झोपायला हरकत नाही."

मार्गिता भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर म्हातारीच्या मुलाचा लहानपणचा फोटो होता, सायकलवरचा.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकते. निळा कोट काढून ठेव त्याचा. रेल्वेचा. बटणं बघ, वरचं एक सैल आहे."

फोन ठेवून ती दारापाशी गेली, खुर्चीवर बसली आणि बूट काढले. आधी एक, मग दुसरा. दोन्ही दाराबाहेर जोडीने ठेवले. मग ओलं फडकं घेऊन फरशी पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कोट खुंटीला अडकवला. म्हातारीला चमच्याने रस्सा भरवला. आज म्हातारी मुकाट्याने जेवली.

दिवे लागायच्या सुमाराला बस आली आणि योलाना उतरली ती पळतच. दोन्ही हातांत पिशव्या, केस विस्कटलेले. दारातूनच तिचं सुरू झालं.

"मावशी, मला तोंड नाही दाखवायला. तुम्ही म्हणालात तसंच केलं हो मी, अगदी तसंच. पण थांबा, आधी हे घ्या. ओरडू नका." तिने कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी न मोडलेला कागद काढला. "गुरुवारी काकांनी मला बोलावून घेतलं. उशीखालून पैसे काढून दिले. म्हणाले, माझ्या म्हातारीला परतायला अख्खं तिकीट काढ. खिडकीवरून, कागदाचं, फोनमधलं नको. तिला आधी कळू देऊ नकोस, म्हणाले, नाहीतर परत करायला लावेल."

मार्गिताने कागद घेतला. तिला वाचायला वेळ लागे, पण स्टेशनांची नावं तिला कुठल्याही भाषेत कळत. वर लिंझ होतं. खाली हुमेन्ने. मध्ये काहीच नव्हतं.

"दोन दिवस चालतं," योलाना म्हणाली. "कुठल्याही गाडीला. एक चुकली तर दुसरी. तुम्ही आत्ता निघा, मावशी, मी आलेय ना. आत्ता निघालात तरी..."

"परत घेतात का हे?"

"काय?"

"वापरलं नाही तर पैसे परत देतात का?"

योलाना तिच्याकडे बघत राहिली. मग खुंटीवरच्या कोटाकडे. मग मागे वळून दाराबाहेर, जिथे मार्गिताचे बूट जोडीने ठेवलेले होते आणि ज्यांना ओलांडून ती आत आली होती. तिच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली.

"मावशी..."

"रस्सा गरम आहे, खाऊन घे," मार्गिता म्हणाली. "आणि मग त्या फोनमध्ये उद्याचं बघ. तुकड्यातुकड्यांचं. आता कोण वाट बघतंय."