पेटीवाल्याचे संदर्भ

बाबांची नोकरी पुराभिलेखागारात झाली. गेलेल्या माणसांचे कागद पेट्या भरभरून यायचे. ते लावायचे आणि कुठल्या पेटीत काय आहे याची शोधसूची करायची, हे त्यांचं काम. सूचीच्या सुरुवातीला त्या माणसाची ओळखही तेच लिहीत. निवृत्तीनंतर बायको गेली आणि ते लेकीकडे राहायला आले. दिवसभर नुसते बसून असत, म्हणून लेकीने त्यांना इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. 'पेटीवाला' असं नाव घेऊन ते लेखांखाली आपल्या सूच्यांचे संदर्भ जोडू लागले. या पूल बांधणाऱ्याचे नकाशे, त्या नटीची पत्रं कुठे आहेत, हे वाचणाऱ्याला कळावं एवढाच हेतू.

जावई त्याच ज्ञानकोशाचा जुना संपादक, इतरांवर बंदी घालायचा अधिकार असलेला. तिथे तो 'टाचणी'. पेटीवाला कोण, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. 'सदरहू' हा शब्द त्या घरात एकच माणूस वापरायचा. पण तो बोलला नाही. एकेक संदर्भ उडवत गेला. खाली लिहायचा, 'सूची हा पुरावा नव्हे. क्रुपया स्वतंत्र स्रोत द्यावा.'

जेवताना मात्र विचारायचा, “काय बाबा, ज्ञानकोश काय म्हणतोय?”

“एक टाचणी म्हणून आहे. हात धुऊन मागे लागलाय.”

“असतात असे. तुम्ही त्याला सविस्तर लिहा ना, पेटी क्रमांकासकट. पटेल त्याला.”

बाबा जुन्या कचेरीत गेले. नव्या लोकांनी त्यांना पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. क्रमांक टिपून आणले आणि एका बोटाने टाइप करत लांबलचक उत्तर लिहिलं. टाचणीचं उत्तर आलं: 'ही सूची तुम्हीच केलेली दिसते. स्वतःचा ढोल स्वतः बडवू नये.' बाबांनी पूलवाल्याचा संदर्भ पुन्हा जोडला, तेव्हा टाचणीने त्यांना महिनाभर लिहायला बंदी घातली.

नवरा आंघोळीला गेला असताना लेक वीजबिल भरायला त्याच्या संगणकावर बसली. टाचणीचं पान उघडंच होतं. पडद्यावर त्याच्या बाजूलाच संपादकांच्या आपसातल्या गप्पा चालल्या होत्या. नवऱ्याने लिहिलं होतं, 'म्हातारा एखाद्या पेटीतच राहायला गेला असता तर बरं.' खाली हसरे चेहरे.

ती तडक बाबांकडे गेली. “बाबा, तो टाचणी आपल्याच घरात आहे.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “'कृपया' चुकीचं लिहितो. फ्रिजवरच्या चिठ्ठीतही तसंच असतं.”

“मग का लिहीत बसलात त्याला?”

बाबांनी चष्मा काढला. “अगं, माझ्या सूच्या आजवर कोणी वाचल्या? लोक पेटीचा नंबर बघतात आणि जातात. याने ओळ न् ओळ वाचली. खोडण्यासाठी का होईना.”

हे ऐकून तरी नवऱ्याला लाज वाटेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं, आवाज न चढवता. तो नीट ऐकून घेत होता.

“म्हणजे मी आहे हे त्यांना माहीत होतं?”

“हो.”

“मग तर जाणूनबुजून वेळ खाल्ला माझा.” त्याने संगणक ओढला आणि तिच्यादेखत महिन्याची बंदी कायमची केली. “नियम घरच्यांना वेगळा नसतो,” असं म्हणून त्याने भाजी काय आहे ते विचारलं.

तिने वाढलं. बाबांनाही वाढलं. त्यांना काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं.

महिना संपला त्या सकाळी बाबा लवकर उठले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्ची पुढे ओढून बसले. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आतला टाइप करायचा आवाज सुरू झाला, तसा तिने नळ मोठा सोडला.